पोट दुखतं म्हणजे नेमकं कुठे दुखतं?

वाचकांचे प्रश्न, शरीररचनेच्या एका निवृत्त शिक्षिकेची उत्तरं

३४ वर्षं मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना टेबलावरच्या देहात बोट घालून दाखवायचं, की हे यकृत, ही प्लीहा, आणि हे तुम्हाला वाटतंय ते नाही. या वेळची पत्रं वाचताना जाणवलं, की निम्मे प्रश्न शरीराचे आहेत आणि निम्मे आपल्या शब्दांचे. पित्त, शीर, गॅप, काळीज. घरात बोलताना आपण मनाशी एक देह धरून बोलतो. टेबलावरचा देह त्याच्याशी जुळतोच असं नाही.

माझ्या आठवीतल्या मुलाने आकृतीत यकृत कागदाच्या डाव्या बाजूला काढलं होतं. यकृत उजवीकडे असतं म्हणून मी ते खोडून पुन्हा काढायला लावलं. शिक्षकांनी ते चूक दिलं. आता मुलगा माझ्याशी बोलत नाही. बरोबर कोण?

मुलगा. पहिल्यांदा काढलं तेव्हा बरोबर होतं, त्याची समजूत काढा.

आकृतीतला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येते. आमच्या शास्त्रात डावं-उजवं नेहमी त्या देहाचं, बघणाऱ्याचं कधीच नाही. सगळी वर्णनंही एकच उभं राहणं गृहीत धरून केलेली असतात: ताठ उभा, तोंड समोर, हात बाजूला, तळहात पुढे केलेले. माणूस प्रत्यक्षात पालथा पडलेला असला तरी वर्णन त्या उभ्या माणसाचंच करायचं.

तुमची चूक मीही केली आहे, आणि तीही परीक्षकांसमोर. पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. मी टेबलाच्या पायाकडे उभी होते. परीक्षकांनी विचारलं, "प्लीहा कुठल्या बाजूला?" मी म्हटलं "डावीकडे" आणि हात केला माझ्या डावीकडे, म्हणजे थेट यकृतावर. ते काही बोलले नाहीत. नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले, मी तो काढून घेईपर्यंत. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी रुग्ण जागा असतानाच ज्या बाजूची शस्त्रक्रिया आहे तिच्यावर पेनने खूण करतात. डावं-उजवं हुशार माणसांचंही चुकतं.

मला पित्ताचा फार जुना त्रास आहे. छातीत जळजळ, आंबट ढेकर. आता सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि डॉक्टरांनी पित्ताशय काढायला सांगितलं. नणंद म्हणते, बरं झालं, पिशवीच गेली की पित्त कायमचं जाईल. खरं आहे का?

नाही. ही समजूत इतकी घट्ट आहे की माझ्या आईला मी ती दोनदा समजावली, तिसऱ्यांदा नाद सोडला.

घरात ज्याला आपण पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा पित्त नसतंच. ते जठरातलं आम्ल असतं. जठर रोज दीड-दोन लिटर पाचकरस तयार करतं आणि त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल चांगलंच जहाल असतं. जठराला ते सोसतं, कारण आतून चिकट श्लेष्माचा थर असतो आणि अस्तराच्या वरच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. अन्ननलिकेला हे संरक्षण नाही. ती जिथे जठराला मिळते तिथली स्नायूंची मिठी सैल पडली की आम्ल वर येतं आणि छातीच्या मधल्या हाडामागे जाळतं. तुमची जळजळ ती, आंबट ढेकर तीच.

खरं पित्त यकृतात तयार होतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. हिरवट-पिवळं, चवीला कडू, आणि आम्ल तर नाहीच, उलट थोडं क्षारधर्मी. पित्ताशय पित्त बनवत नाही, नुसतं साठवतं. यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली ७ ते १० सेंटिमीटर लांबीची पिशवी, मावणार ३०-५० मिलिलिटर. एवढ्याशा जागेत जास्त माल ठेवायचा म्हणून ती पित्तातलं पाणी शोषून त्याला दाट करते. दाट केलेल्यात कधीकधी कोलेस्टेरॉलचे कण जमतात, तेच खडे. स्निग्ध अन्न लहान आतड्यात उतरलं की आतडं रक्तात एक संप्रेरक सोडतं, पिशवी आकसते, पित्त नळीवाटे आतड्यात पडतं आणि साबणासारखं काम करून चरबीचे बारीक थेंब करतं. म्हणजे पित्त जठराच्या पुढच्या मुक्कामाला भेटतं, जठरात नव्हे.

मृत्यूनंतर पित्त पिशवीच्या भिंतीतून झिरपतं आणि शेजारचं आतडं हिरवं करून टाकतं. मुलांना पित्ताशय सापडत नसलं की मी सांगायची, हिरवा डाग शोधा. आणि ते कापलं की पुष्कळदा आत खडे निघायचे, कधी एकच मोठा, कधी पैलू पाडल्यासारखे पंचवीस-तीस. ती माणसं वेगळ्याच कारणांनी गेलेली असायची. यातल्या कित्येकांना खडे आहेत हे आयुष्यभर कळलंही नसेल. सगळेच खडे दुखत नाहीत. तुमचे काढायला सांगितले म्हणजे त्याला काही कारण असणार, ते डॉक्टरांना विचाराच.

पिशवी गेल्यावर यकृत पित्त बनवतच राहतं, फक्त ते साठत नाही, थेंब थेंब सरळ आतड्यात उतरतं. बहुतेकांचं पचन त्यावर व्यवस्थित चालतं. पण जठर आहे तिथेच आणि आम्लही तेवढंच. जळजळीचं दुखणं डॉक्टरांना वेगळं सांगा, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर नणंदेवर राग काढाल.

फरक जिभेला कळतो. आंबट आलं ते जठरातलं. ओकाऱ्या होऊन होऊन पोट रिकामं झालं आणि शेवटी कडू, हिरवट-पिवळं पडलं, ते पित्त. आयुर्वेदातलं पित्त ही फार मोठ्या आवाक्याची निराळी कल्पना आहे. मी इथे फक्त हिरव्या डागाबद्दल बोलते आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगते. जठरात नेमकं काय होतं हे जगाला कळलं ते एका भोकातून. १८२२ साली अमेरिकेत अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जखम भरताना जठराला पडलेल्या भोकाचं तोंड बाहेरच्या कातडीला जुळून कायमचं उघडं राहिलं. त्याच्यावर उपचार करणारा लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधून अन्नाचे तुकडे आत सोडायचा आणि ठरावीक वेळाने ओढून बघायचा. पचन ही रासायनिक क्रिया आहे, नुसतं दळणं नव्हे, हे त्याने १८३३ साली छापून दाखवलं. सेंट मार्टिनला या प्रकाराचा कंटाळा येई आणि तो मधूनमधून निघून जाई. शेवटी डॉक्टर आधी गेला, आणि पोटाला भोक असलेला हा माणूस त्याच्यानंतर जवळजवळ २७ वर्षं जगला.

पोट दुखतंय म्हटलं की डॉक्टर "एका बोटाने दाखवा" म्हणतात. मला एका बोटाने दाखवताच येत नाही, सगळा तळहात फिरवावा लागतो. मग त्यांना वाटतं मी उगीच सांगतो आहे.

त्यांना तसं वाटत नाही. तुम्ही तळहात फिरवलात हीच त्यांना हवी असलेली माहिती आहे.

आधी शब्दाचं बघू. आपण "पोट" म्हणतो ते फासळ्यांच्या खालपासून जांघेपर्यंतच्या सगळ्या पोकळीला, आणि "पोट भरलं" म्हणतो तेव्हा ते फक्त जठर असतं. जठर कुठे आहे विचारलं तर दहातले आठ जण बेंबीवर हात ठेवतात. ते असतं बरंच वर, डाव्या फासळ्यांच्या आडोशाला. बेंबीमागे असतात लहान आतड्याची वेटोळी. टेबलावर ते सोडवून मोजलं तर सहा मीटरच्या आसपास भरतं. जिवंतपणी स्नायू आवळलेले असल्याने बरंच आखूड असतं. मुलं ते सोडवताना नेहमी अर्ध्यात विचारायची, "मॅडम, अजून किती?"

आता दुखण्याचं. आतड्याला चिमटा काढला, कापलं, तरी ते फारसं बोलत नाही. ताणलं, फुगवलं, रक्त तोडलं तर मात्र ओरडतं. ओरडतं तेही मोघम, कारण आतल्या अवयवांकडून निघणारे चेतातंतू थोडे, आणि ते मज्जारज्जूत कातडीकडून येणाऱ्या तंतूंच्या गर्दीतच शिरतात. मेंदूला नीट कळत नाही कोण बोलतंय. तो कातडीच्या नावावर खपवून देतो आणि माणूस तळहात फिरवतो. याउलट पोकळीच्या भिंतीला आतून जे पातळ अस्तर आहे त्याला भिंतीचेच, म्हणजे कातडी-स्नायूंचे तंतू असतात. ते चिडलं की माणूस बरोबर एका बोटाने जागा दाखवतो.

आंत्रपुच्छाची सूज, म्हणजे अपेंडिक्स, याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. आंत्रपुच्छ उजवीकडे खाली असतं, पण दुखणं सुरू होतं बेंबीभोवती, मोघम. कारण त्याचे तंतू आणि बेंबीच्या कातडीचे तंतू मज्जारज्जूच्या एकाच मजल्यावर पोचतात. काही तासांनी सूज वाढून शेजारच्या अस्तराला लागली की दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि तळहाताचं बोट होतं. दुखणं सरकलं असं आपण म्हणतो. सरकलेलं काही नसतं, तक्रार करणारा बदललेला असतो.

याहून विचित्र खांदा. श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या स्नायूच्या पडद्याखाली, रक्त किंवा पू साठला तर माणूस खांदा दुखतो म्हणून येतो. श्वासपटल गर्भात मानेजवळ घडायला लागतं आणि मग खाली उतरतं. येताना मानेतली आपली चेतातंतूची दोरी बरोबर घेऊन येतं. पत्ता बदलला, तार जुनीच राहिली.

छातीत दुखलं तर ते हृदयाचं की पित्ताचं, घरी कसं ओळखायचं?

ओळखायचं नाही. दवाखान्यात जायचं.

का ते सांगते. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे डावीकडच्या वरच्या कप्प्याच्या, अगदी पाठीला पाठ लावून खाली जाते, मध्ये काय ती हृदयाच्या पिशवीची भिंत. दोघींचे तंतू छातीतल्या जवळपास त्याच मजल्यांवर पोचतात. मेंदूलाच जिथे फरक कळत नाही तिथे तुम्ही-आम्ही छातीवर हात ठेवून काय ठरवणार? हृदयाचं दुखणं डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाऊ शकतं. नुसतं दडपण, घाम, मळमळ, दम असंही येऊ शकतं, विशेषतः बायकांत आणि मधुमेह असणाऱ्यांत. ढेकर आली म्हणजे हृदय नाही, हा हिशेब चुकीचा आहे. ईसीजीला फार वेळ लागत नाही.

आणि हो, हृदय डावीकडे नसतं. ते मधल्या हाडामागे असतं, तिरकं. दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे झुकलेला. त्याचं खालचं टोक डावीकडे छातीच्या भिंतीशी येतं, म्हणून ठोका तिथे लागतो आणि आपण अख्खं हृदयच तिकडे नेऊन ठेवतो.

"काळीज" म्हणजे हृदय की यकृत? घरात वाद झाला आहे.

शब्द मुळात यकृताचा. काळजाचा ठोका चुकतो, काळीज धडधडतं, हे सगळं मागाहून हृदयाच्या वाट्याचं या शब्दाच्या अंगावर आलेलं. यकृताला ठोका नाही.

पण यकृताला जीवनाचं घर समजणं ही बावळटपणाची गोष्ट नव्हे. दुसऱ्या शतकातला गेलन हा वैद्य शिकवायचा, की रक्त यकृतात तयार होतं, तिथून शिरांवाटे शरीरभर जातं आणि तिथे वापरलं जाऊन संपतं. हे जवळजवळ दीड हजार वर्षं टिकलं. विल्यम हार्वेने १६२८ साली ते मोडलं ते साध्या गुणाकाराने. आजचे आकडे घ्या. हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त टाकतं, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर. एवढं रक्त मिनिटामिनिटाला नव्याने कोण बनवणार? सगळ्या अंगात मिळून रक्त आहेच तेवढं, ५ लिटर. म्हणजे तेच परत येत असणार. मला हार्वे आवडतो तो यासाठी: भरपूर चिरफाड करून शेवटी त्याने गणित मांडलं.

तेव्हा घरातल्या वादात शब्दार्थाच्या बाजूने जो होता तो जिंकला, ठोक्याच्या बाजूने जो होता तोही हरला नाही.

रात्री झोपेत पोटरीत शिरेवर शीर चढते. जीव जातो. शीर अशी जागची कशी हलते? ती कायमची खाली बसवता येते का?

शीर हलत नाही, चढत नाही, बसवताही येत नाही. पण तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण "शीर" या एका शब्दात आपण चार वेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत.

हातावर निळी दिसते ती शीर, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी नीला. मनगटाला नाडी लागते तीही लोकांच्या तोंडी शीरच. ती रोहिणी, हृदयाकडून रक्त आणणारी. "मानेत शीर दबली" म्हणतो तेव्हा तो चेतातंतू असतो, ज्यात रक्त वाहतच नाही. आणि "शीर आखडली" म्हणतो तेव्हा बहुधा स्नायू, नाहीतर त्याची हाडाला धरणारी दोरी, कंडरा.

टेबलावर चौघी शेजारी शेजारी असतात आणि डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतात. रोहिणी जाड भिंतीची, कापली तरी तोंड गोल उघडं राहतं. नीला कापली की चपटी पडते, ओल्या फडक्यासारखी. चेतातंतू भरीव, पांढरा, दोन बोटांत घोळवला तर दोरखंडासारखा लागतो. कंडरा चकाकते आणि ओढली की पुढचं बोट हलतं. पहिल्या वर्षाच्या मुलांचा मनगटावर हमखास घोटाळा व्हायचा: तिथे एका अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक चेतातंतू जातो आणि दहाही पांढरे. मी म्हणायची, ओढून बघा. काहीच हललं नाही तो चेतातंतू.

हा गोंधळ एकट्या मराठीचा नाही. ज्या ग्रीक शब्दावरून चेतासंस्थेचे सगळे "न्यूरो" आले, त्याचा जुना अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी. मृतदेहात रोहिण्या रिकाम्या सापडतात, म्हणून काही ग्रीकांना तर त्यांतून हवा वाहते असं वाटायचं.

घरबसल्या एक कंडरा बघायची असेल तर अंगठा आणि करंगळी टोकाला टोक जुळवा आणि मनगट थोडं आत वळवा. मनगटाच्या मधोमध दोरी उभी राहील. नाही राहिली तर घाबरू नका; काही माणसांत तो स्नायू नसतोच आणि पकडीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

आता तुमची पोटरी. तिथे होतं ते इतकंच, की पोटरीचा जाड स्नायू आपणहून आकसतो आणि सुटत नाही. यालाच आपण "गोळा आला" असंही म्हणतो आणि तो शब्द अगदी चोख आहे, हाताला गोळाच लागतो. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्याकडे ओढा. आकसलेला स्नायू ताणला की तो सोडतो. रोज रात्री होत असेल, किंवा एकच पाय सुजून, लाल होऊन दुखत असेल तर मात्र दाखवा. त्या वेळी दुखणं खरोखरच शिरेचं, नीलेत रक्त गोठल्याचं असू शकतं.

कंबर दुखते म्हणून एमआरआय केला. मणक्यात गॅप आली आहे म्हणे. ही गॅप भरून काढायला काय करावं?

हा शब्द कुणी पहिल्यांदा वापरला ते मला कळलं तर मी त्याच्याशी भांडेन. गॅप आलेली नाही. असायला हवी तेवढी गॅप कमी झाली आहे.

दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, बाहेरून चिवट तंतूंचे थरांवर थर आणि आत पाणीदार, रबरी गर. अशा २३ चकत्या, कारण मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांच्या मध्ये ती नसते, नाहीतर आपल्याला मान वळवून नाही म्हणता आलं नसतं. दिवसभर उभं राहून गरातलं पाणी थोडं पिळून निघतं, रात्री आडवं झाल्यावर ते परत शोषलं जातं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. मोजून बघा, पण उठल्या उठल्या.

वय वाढतं तसं गर पाणी धरून ठेवायचं विसरतो. चकती चपटी होते, मणके जवळ येतात आणि एक्स-रेवर त्यांच्यामधली मोकळी जागा अरुंद दिसते. तिथे काही भरायचं नसतं. दुसरा प्रकार, बाहेरचे थर फाटून गर मागे येतो आणि चेतातंतूच्या मुळाला टेकतो. त्याला लोक "मणका सरकला" म्हणतात. मणका तिथेच असतो. कळ मात्र कंबरेतून पायात उतरते, कारण तिथे दबलेली मुळं पुढे एकत्र होऊन अंगठ्याएवढा जाड चेतातंतू बनतो आणि मांडीच्या मागून खाली जातो. मज्जारज्जू स्वतः तिथपर्यंत पोचतच नाही. तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि खाली नुसती मुळांची जुडी लोंबते, तिला आम्ही घोड्याचं शेपूटच म्हणतो. पाठीतून पाणी काढताना सुई त्या खालच्या भागात घालतात ती म्हणूनच.

एक लक्षात ठेवा. कंबर कधीच न दुखलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांचा एमआरआय काढला तरी पुष्कळांत चपट्या चकत्या दिसतात. फोटोतली चकती आणि तुमचं दुखणं यांचा संबंध आहेच असं फोटो एकटा सांगू शकत नाही, तपासणारा हात लागतो. लघवी-शौचावरचा ताबा जायला लागला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी जा.

मी अकरा वर्षांची आहे. माझ्या हातावरच्या शिरा निळ्या आहेत. आत निळं रक्त आहे का? बाहेर आल्यावर ते लाल होतं का?

नाही ग. आतही लालच असतं. प्राणवायू घेऊन निघालेलं लालभडक, परत येणारं गडद, काळपट लाल. शीर निळी दिसते ती कातडीमुळे: प्रकाश कातडीत शिरून परत येताना जी मोडतोड होते तिच्यात आपल्या डोळ्यांना ती जागा निळसर वाटते. रक्ततपासणीला सुई टोचतात तेव्हा डोळे मिटू नकोस, नळीकडे बघ. तिथे रक्ताला हवा लागायच्या आधीच ते गडद लाल असतं. पुस्तकातला निळा रंग छापणाऱ्यांनी ओळखीसाठी दिला आहे, पिवळा चेतातंतूंना देतात तसाच. आतमध्ये कशालाच इतका छान रंग नसतो.

इतकी वर्षं देह उघडून बघितलेत. आतून सगळी माणसं सारखीच असतात का?

पुस्तकात असतात. मूत्रपिंडाला एक रोहिणी असं आम्ही शिकवतो आणि साधारण चारांतल्या एकाला कुठल्या तरी बाजूला दोन निघतात. कुणाची दोन्ही मूत्रपिंडं खालून जोडलेली, घोड्याच्या नालासारखी. आंत्रपुच्छ कधी खाली लोंबतं, कधी आतड्यामागे लपतं. दरवर्षी एखादा मुलगा पुस्तक हातात घेऊन यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, आमची बॉडी चुकीची आहे."

एक दिवस मात्र राहून गेला आहे मनात. एका वृद्ध बाईंचं दान केलेलं शरीर होतं. मी पलीकडच्या टेबलावर शिकवत होते, पाठ त्यांच्याकडे. त्या गटातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, यकृत डावीकडे आहे." मी मान न वळवता म्हटलं, "तू पायाकडे उभी आहेस. तुझी डावी म्हणजे त्यांची उजवी." ती म्हणाली, "नाही मॅडम, त्यांची डावी." मी जरा करड्या आवाजात तिला जागा बदलून बघायला सांगितलं. तिने बदलली, आणि पुन्हा तेच म्हणाली.

तेव्हा मी गेले. आधी डोक्याकडे उभी राहिले, मग पायाकडे. यकृत डावीकडे, प्लीहा उजवीकडे, हृदयाचं टोक उजव्या फासळ्यांकडे, सगळं आरशात बघावं तसं. साधारण दहा हजारांत एखाद्याचं असं असतं. त्या बाई ८० च्या पुढे जगल्या होत्या. कागदपत्रांत कुठे नोंद आहे का ते मी संध्याकाळी बसून शोधलं. नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी सगळ्या वर्गासमोर टेबलाच्या पायाकडे उभं केलं आणि शिकवायला सांगितलं.